धुराच्या नळीतला बोळा

आगोट लागायच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढली, तेव्हा हिराजीने इंजिनाचे भारी लाड केले. आत पाणी धरू नये म्हणून टाकी डिझेलने काठोकाठ भरली आणि पाऊस शिरू नये म्हणून धुराच्या नळीत, दोरीवरचं हाताला लागलं ते फडकं कोंबलं.

आज नारळी पौर्णिमा. सगळ्या होड्या निघाल्या, याचं इंजिन मात्र खोकून बंद पडत होतं. बोळा काढायचा राहिलाय हे आठवून त्याने नळीत बोट घातलं. बाहेर मोराची नक्षी आली.

काठावर बायको आणि वहिनी नारळ घेऊन उभ्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. मोरांचं नवं पोलकं वहिनीनेच लांबवलं म्हणून बायकोने अडीच महिने अबोला धरला होता.

"काय झालं वो?" बायकोने विचारलं.

हिराजीने बोळा अंगठ्याने पुन्हा आत ढकलला. "काही नाही. आज मुहूर्त बरा नाही."