दिवाणाचं झाकण

दिवाणाचं झाकण बोटभर वर राहत होतं. वसुधाने आत तांदळाची पोती, तूरडाळीची पाकिटं आणि तेलाचे डबे अगदी मापात रचले होते, पण शेवटचं पोतं जरा जास्तच झालं. ते तिच्या नवऱ्याने, सुमंतने, हट्टाने आणलं होतं. "भाव अजून चढणार. बायबलातल्या योसेफानंसुद्धा दुष्काळाआधी धान्य साठवलंच होतं ना?"

दर बुधवारी धायरीतल्या त्यांच्या घरी चर्चची प्रार्थनासभा भरायची. खुर्च्या पुरत नसत. मग चार-पाच जण दिवाणावर बसत आणि झाकण नीट मिटे.

या बुधवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेचे विषय विचारले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या रूथमावशी दिवाणावरूनच म्हणाल्या, "आमच्या घरासाठी करा. आमटीत डाळ शोधायला आता चष्मा लागतो." सगळे हसले. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "नातवंडांना पेज देत होते. आज तांदूळही संपले."

मागच्या दोन बुधवारीही त्यांनी घरासाठीच प्रार्थना मागितली होती, आणि दोन्ही वेळा वसुधा चहा टाकायला उठून गेली होती.

सगळ्यांनी डोळे मिटले. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली, तेव्हा वसुधाने डोळे उघडून दिवाणाकडे पाहिलं.

आमेन झालं. "चहा टाकतेस ना?" सुमंतने तिच्याकडे न बघता विचारलं.

वसुधा उठली. ती स्वयंपाकघराकडे गेली नाही.


"रूथमावशी, जरा उठता का? मला दिवाण उघडायचाय."