कुंपणापाशी ऐकू येईल असा

"मी पाठ करून उभी राहते," आर्लिस म्हणाली. "आवाज ऐकू आला की हात वर करीन. डोळ्यांनी बघून फसायला नको."

ती चालू लागली. डेलच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानामागच्या अंगणातून, जुन्या टायरांच्या ढिगाला वळसा घालून, थेट सूर्यफुलांच्या शेताच्या कुंपणापर्यंत. घरी ती तळघरात कपडे धुते. गॅरेज वर, मध्ये दोन भिंती. इथे भिंती नव्हत्या, म्हणून तिने भिंतींऐवजी अंतर घेतलं.

डेलने व्हर्लिनच्या मोटरसायकलचा सायलेन्सर उतरवला. कंपनीचा, मूळचा. व्हर्लिनने तो कधी कुणाला बदलू दिला नव्हता. आवाजी गाड्यांना तो जन्मभर हसत आला. म्हणायचा, "ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, तो गावाला ऐकवतो."

आता तो सीटवर बसून विचारत होता, "माझ्या गाडीचं काय चाललंय?"

"नवा सायलेन्सर बसवतोय, म्हाताऱ्या."

"जुन्याला काय झालं?"

जुन्याला काही झालं नव्हतं.

व्हर्लिनला झालं होतं. दोन वर्षांपासून, थोडं थोडं. आधी शेजाऱ्यांची नावं विसरला, मग मुलाचं, मग आर्लिसचं. गाडी मात्र हातांना आठवत होती. क्लच, गिअर, वळणावरचा झोक, सगळं. रस्ता आठवत नव्हता. मागच्या आठवड्यात आर्लिस तळघरात असताना तो निघून गेला. ती वर आली तेव्हा गॅरेज उघडं, आत कुणी नाही. संध्याकाळी शेरीफच्या माणसाला तो दोन परगणे पलीकडे सापडला, रिकामी टाकी घेऊन बांधावर बसलेला. पत्ता विचारला तर त्याने लहानपणच्या शेताचा दिला. ते शेत विकूनसुद्धा जमाना झाला.

"मांजरासारखी जाते ती गाडी," आर्लिस डेलला म्हणाली होती. "मला मांजर नको. मला ढोल दे."

तीन सायलेन्सरांपैकी पहिला.

फुगीर, चकचकीत, गोड घुमणारा. व्हर्लिनने ॲक्सिलरेटर पिळला. डेल कुंपणाकडे बघत राहिला. निळा शर्ट, पांढरे केस, पाठ. हात खाली.

"बाई हलेना," व्हर्लिन म्हणाला. "कोण आहे ती?"

"तुझी बायको."

"हॅ! माझी बायको मागे बसते."

ते खरं होतं. तीसेक उन्हाळे ती मागे बसली. हेल्मेट नाही, केस मोकळे, कानांत वारा.

दुसरा.

याने दुकानाच्या काचा थरथरल्या. डेलचा कुत्रा उठून ट्रकखाली गेला. आर्लिसचा हात थोडा वर आला. थांबला. खाली गेला.

डेल हात पुसत कुंपणापर्यंत चालत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"काय गं? हासुद्धा नाही?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "वाटलं काहीतरी. वारा असेल."

वारा तर तिच्याच दिशेला वाहत होता.

"आता एकच राहिला. सरळ नळी. आत जाळी नाही, काही नाही. शर्यतीवाले लावतात. शेरीफ पकडेल त्याला."

"पकडू दे. पकडला म्हणजे सापडला."

"आणि तोही नाही ऐकू आला तर?"

तिने वाऱ्याने उडालेले केस कानांमागे सारले.

"तर किल्ली काढून घ्यायची, आर्लिस. यापेक्षा मोठा आवाज माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. पुढच्या खेपेला तो रस्त्यावर कुणाला तरी उडवेल. तुझा मुलगा सांगतोय, डॉक्टर सांगतोय. आज मीही सांगतो."

"काढली होती ना. वसंतात मुलाने काढली होती." तिने कुंपणाची तार घट्ट धरली. "दिवसदिवस त्या थंड गाडीवर बसून असायचा. जेवायला हाक मारली की म्हणायचा, 'बाई, तुम्ही कोण?' किल्ली परत दिली, मी मागे बसले, आणि मैलभर गेल्यावर मान न वळवता म्हणाला, 'आर्ली, थंडी वाजतेय का?'"

डेलने हातातलं फडकं खिशात कोंबलं.

"तेवढाच उरलाय तो माझ्याकडे," ती म्हणाली. "मी मागे असले की. तो एकटा निघाला तर मला कळायला हवं, बास. धावत वर येईन. मागे बसेन. कुठे जायचं तिथे जाऊ दे."

"बरं. बसवतो तिसरा."

"लाव. मोठ्याने वाजव."

तिने पुन्हा पाठ केली.

डेल परतला. दुसरा सायलेन्सर तापून लाल होता, पट्टी निघेना. त्याने बोट भाजून घेतलं, शिवी हासडली. व्हर्लिन हसला, अगदी जुन्या दिवसांसारखा. "पाना उलटा धरलायस, गाढवा." खरंच उलटा होता. शेवटी पट्टी सुटली, सायलेन्सर गवतात पडला. डेलने लांब, काळी, सरळ नळी खोक्यातून बाहेर काढली. वाकून मोजलं. तोंड जुळवून बघितलं. जुळेना. पुन्हा उचलली.

कुंपणापाशी हात वर गेला.

एक नाही, दोन्ही. बोटं पसरलेली. ती वळलीसुद्धा, रडत होती, हसत होती, सूर्यफुलांसमोर लहान मुलीसारखी उड्या मारत होती.

"आला! डेल, आला! स्पष्ट आला! हाच!"

डेलने व्हर्लिनकडे पाहिलं. गाडी बंद होती. तिसरा सायलेन्सर अजून डेलच्या हातातच होता.