बांधावरचं बीळ

"तुमचा दोघींचा बी इस्वास बसायचा नाय, पन ऐका," पाटावर बसताबसता गजाआबांनी सुरुवात केली.

चुलीवर मुठ्यांचा, म्हणजे शेतातल्या काळ्या खेकड्यांचा, रस्सा रटरटत होता. "आज खोटं पकडलं गेलं, तर ताटात नुसता भात," अंबूबाईने पळी रोखून नवऱ्याला बजावलं. आबांना ती अट गोडच वाटली. आजवर त्यांची थाप कुणाला पकडता आली नव्हती.

"सकाळी बांधावरल्या बिळात हात घातला. म्हटलं, मुठा घावंल. तर हाताला लागली कोरडी, पांढरी वाळू. आपल्या पोशीरच्या चिखलात! मागनं खेकडा निघाला, त्यो बी पांढरा, डोळे काड्यांवर उभे. दर्याकाठचा! बिळाला कान लावला, तर आत लाटा."

"अगं बाई!" नात जागृती पुढे सरकली. आबा मनातल्या मनात हसले. मुठे त्यांनी नेरळच्या बाजारातून आणले होते, आणि तो पांढरा खेकडा काल टीव्हीवर पाहिला होता.

"मग वो?" अंबूबाईने विचारलं.

"मग काय! त्यो परत आत पळाला, तसं बीळ बुजवलं, वर धोंडा ठेवला. त्यो आता कुठला भायेर येतोय!"

अंबूबाईने पळीभर रस्सा काढला. वासानेच आबा तृप्त झाले.

जागृतीने मात्र आपले पाय हळूच वर ओढून घेतले.

"खोटं, आबा," ती म्हणाली. "तुमी बीळ बुजवलंच नाय. बुजवलं असतं, तर तुमच्या पाटाखालनं ही पांढरी वाळू कोन उडवतंय?"