टाकीत उरलेली लाट

चारकोपच्या त्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, ते दर दहा मिनिटांनी सईच्या लॅपटॉपवर येत होतं. पंप कधी लावायचा ते आपण गणितानं ठरवून देतो, असं तिनं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

महिनाभराच्या आलेखावर तिनं साइन-कोसाइनच्या लाटा एकीवर एक रचल्या. चोवीस तासांची एक, बारा तासांची एक. सकाळच्या आंघोळी, संध्याकाळची भांडी, सगळं झकास बसलं. तेवढं वजा केल्यावर सरळ रेघ उरायला हवी होती. उरली एक बारीक, गुळगुळीत लाट. बारा तास पंचवीस मिनिटांची.

"काका, ही बघा ना. रोज पन्नास मिनिटं उशिरा येते."

सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका मूळचे देवगडचे. आलेख बघून ते खुशीत हसले. "गो बाय, ही तर समुद्राची भरती."

"सातव्या मजल्यावर?"

"पुढची कधी ते सांग."

सूत्र म्हणालं, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. साडेतीनलाच दोघं गच्चीवर गेली. काकांनी टाकीचे सगळे व्हॉल्व्ह स्वतः बंद केले आणि झाकण उचललं. पाणी निवांत होतं. मग ते आतल्या भिंतीवर सावकाश चढू लागलं. एक बोट, दोन बोटं. बरोब्बर चार दहाला थांबलं.

आपलं गणित जुळलं म्हणून सई टाळ्या वाजवणार होती. तेवढ्यात काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून चव घेतली.

"मीठ कमी आहे," ते समाधानानं म्हणाले. "अजून तरी."