बारा खोल्यांचा मालक

“हळू! पोरं अभ्यास करायलेत,” वीरभद्रप्पानं ओठांवर बोट ठेवलं. “रविवारी टेस्ट हाय त्यांची. चपला इथंच काढ, फटफट वाजतेत.”

गुरुपादप्पानं पहिल्या मजल्यावर, पहिल्याच दारापुढच्या चपलांशेजारी आपली जोड काढली. शिरूर अनंतपाळला त्याची पिठाची गिरणी. तीस वर्षं पीठ उडून उडून चपलांचा रंग कधीच गेला होता, आता भुवयांची पाळी होती. वीरभद्रप्पा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गावाकडचं सगळं रान विकून त्यानं लातुरात, क्लासच्या गल्लीमागं, तळमजल्यावर आपलं घर आणि वर तीन मजले चढवले होते. बारा खोल्या, दर खोलीत दोन पोरं. दे रे हरी खाटल्यावरी म्हणतात, तो हरी भाड्याच्या रूपानं येतो हे गुरुपादप्पाला उशिरा कळलं. आता त्यालाही तेच करायचं होतं. गिरणी विकायची, दोन एकर विकायचं, वीरभद्रप्पाच्या शेजारचा प्लॉट घेऊन खोल्या काढायच्या आणि मरेपर्यंत पायावर पाय टाकून बसायचं.

दोघं अनवाणी चालले. भर दुपार होती. बंद दारांआड पंखे घरघरत होते, बाकी चिडीचूप. प्रत्येक दारापुढं दोन-दोन जोड चपला.

“काय शिस्त हाय रे!” गुरुपादप्पा कुजबुजला. “आमच्या गल्लीतली पोरं असती तर छतावरचे पत्रे उडवले असते.”

“डॉक्टर व्हायचंय त्यांना. तोंडातून शब्द काढत न्हाईत.”

“चपलाबी लई नव्या नव्या घालतेत.”

“बापाचा पैसा,” म्हणत वीरभद्रप्पानं पायानंच एक जोड जराशी तिरपी सरकवली.

तिसऱ्या मजल्यापर्यंत गुरुपादप्पानं बाराही दारं बोटांवर मोजली. हुरड्याच्या आगटीपुढं बसावं तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

खाली वीरभद्रप्पाच्या घरात भिंतीवर बायकोचा, नीलम्माचा फोटो होता. ती जाऊन तीन वर्षं झाली. लेक अंबिका हैदराबादला, रविवारी फोन करते, म्हणजे बहुतेक रविवारी. मांडणीवर एकच ताट, एकच पेला हाताशी. दुसरा कप काढला तर त्यात धूळ निघाली. वीरभद्रप्पानं तो दोनदा विसळला.

“एक खरं सांग,” चहाचा घोट घेत गुरुपादप्पा म्हणाला. “स्टँडवर ऐकलं, पोरं आता त्या मोठ्या एसी हॉस्टेलात चाललेत म्हणून.”

“लोकांना बघवत न्हाई रे. तू डोळ्यानं बघितलास ना?”

“बघितलं की.” गुरुपादप्पानं कप खाली ठेवला. “पण गिरणी इकायला मन होईना बघ. सकाळपासून बाया डबे घेऊन रांगेत उभ्या असतेत. जाडं दळलं म्हणून शिव्या देतेत. पण बोलतेत तरी.”

वीरभद्रप्पाचा हात थांबला. एकदम वाटलं, सांगून टाकावं. नको सोडू बाबा तुझी गिरणी. इथं दिवस सरता सरत नाही, नीलम्मा गेल्यापासून मी भिंतींशी बोलायलोय. शब्द पार जिभेपर्यंत आले. पण सांगितलं की हाही चहा पिऊन उठणार, गाडीत बसणार आणि परत कशाला येणार? 

“मन घट्ट कर,” तो म्हणाला. “किती दिवस नाकातोंडात पीठ घेणार?”

गुरुपादप्पा मिश्कील हसला. “तू एवढा मागं लागलास, तुला काय मिळणार रे यातून? दलाली?”

“मला? शेजार मिळंल.”

दोघंही हसले. हसता हसता वीरभद्रप्पाचे डोळे भरले, ते त्यानं उपरण्यानं पुसले आणि चहाच्या वाफेला नावं ठेवली.

गुरुपादप्पानं तिथंच प्लॉटवाल्याला फोन लावला आणि इसाराचे एक्कावन्न हजार पाठवून दिले. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा मोठा श्वास सोडला. “झालं बाबा! उद्या गिरणीचं गिऱ्हाईकबी पक्कं करतो. दसऱ्याला भूमिपूजन. मग रोजचा चहा तुझ्याकडंच, सांगून ठेवतो.”

“ये की. व्हय, ये.”

घड्याळ बघताच शिरूरची गाडी चुकेल म्हणून गुरुपादप्पाची धांदल उडाली. धावत वर गेला, पायात चपला सरकवल्या आणि धडाधड जिना उतरला. अभ्यासाचं भान राहिलं नाही. एकाही दारातून कुणी ओरडलं नाही. वीरभद्रप्पा फाटकाशी उभा राहून, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला.

अर्ध्या तासानं फोन वाजला. वीरभद्रप्पा तेव्हा तिसऱ्या मजल्यापासून उतरत उतरत पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या दारापाशी पोचला होता.

“वीरभद्रा, घोटाळा झाला रे!” मागं स्टँडचा गलका होता. “कुण्या लेकराच्या चपला घालून आलो बघ. चप्पल चावायला लागली म्हणून उलटी करून बघितली, तर किमतीची चिठ्ठीबी निघाली न्हाई अजून. माझी पिठाची जोड तिथंच राहिली असंल. त्या लेकराला सांग, उद्याच आणून देतो म्हणावं. उन्हात पाय पोळतील रे त्याचे.”

“सांगतो,” वीरभद्रप्पा म्हणाला. फोन खिशात टाकून त्यानं कोऱ्या चपलांच्या तेवीस जोडांचं पोतं भिंतीशी सरकवलं, पिठानं पांढरी झालेली चोविसावी जोड दारापुढं तशीच राहू दिली आणि त्या शेवटच्या, बाराव्या रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला आत गेला.