रिकामं करून या

"मूत्राशय छान भरलंय," स्क्रीनवरची नजर न काढता सोनोग्राफी करणारी मुलगी म्हणाली. "आता बाथरूमला जाऊन या. रिकामं झालं की परत एकदा बघायचं, म्हणजे तपासणी पूर्ण."

पोटावरचं गार जेल पुसता पुसता मेव्हिस थांबली. हे दुसऱ्यांदा बघायचं प्रकरण तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"इथेच जायचं?"

"हो. बाहेर डाव्या हाताला बायकांचं आहे."

मेव्हिस अठ्ठावन्न वर्षांची. गावच्या धान्यकोठारावर ट्रक तोलायची. तेवीस वर्षं पुरुष म्हणून तोलले, गेली अकरा वर्षं बाई म्हणून. बाई म्हणून राहू लागल्यावर तिला पुरुषांच्या बाथरूममधून हुसकावलं, आणि बायकांच्या दाराशी कुणी ना कुणी हाताची घडी घालून उभं असायचं. मग तिने सोपा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही, आणि लागली तर घरी जाईपर्यंत धरून ठेवायची. आता मूत्रपिंडांना सूज होती. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच. या तारखेसाठी सात महिने थांबून ती अडीच तासांवरून रेजायना शहरातल्या या दवाखान्यात आली होती.

कॉरिडॉरमध्ये तिचा कोट धरून बर्निस बसली होती. बर्निस मेव्हिससारखीच, फक्त वीस वर्षं आधी बाई म्हणून जगू लागलेली. पूर्वी ट्रक चालवायची. आता त्यांच्यासारख्यांनी मिळून काढलेल्या मंडळातल्या लोकांची दवाखान्यात ने-आण करायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

"जा गं. मी उभी राहते दाराशी," बर्निस म्हणाली. "कुणी आलं तर सांगते, आत उंदीर निघालाय."

मेव्हिसला हसू आलं, आणि हसताना ओटीपोटात कळ आली.

आत आरशासमोर दोघीजणी बोलत होत्या. मेव्हिसला बघून त्या गप्प झाल्या. ती शेवटच्या दाराआड गेली, कडी लावली, बसली. दाराखालून आपले मोठाले बूट दिसत असतील म्हणून तिने पाय आत ओढून घेतले. नळ वाहिला, बंद झाला. पावलं बाहेर गेली. कुणी काही म्हटलं नाही. तरी ती सिक्युरिटीवाल्याच्या बुटांचा आवाज येतोय का, ते ऐकत राहिली. पोट दगडासारखं झालं होतं. तिने ते दाबून पाहिलं, मनातल्या मनात विनवण्या केल्या. एक थेंब उतरला नाही. अकरा वर्षं शरीराला एकच धडा दिला होता, आणि तो त्याने चांगला पाठ केला होता.

"झालं?" बर्निसने विचारलं.

"नाही."

"त्या काही बोलल्या का?"

"नाही गं, काहीच नाही."

"मग सांगून टाक त्या पोरीला खरं. चांगली वाटते."

"काय सांगू? एवढी घोडी झाले, मुतायला भीती वाटते म्हणून?" मेव्हिसचे डोळे भरून आले. "ती म्हणेल, पुन्हा तारीख घ्या. परत सात महिने. त्यापेक्षा जाऊन आले म्हणते."

बर्निस तिचा हात धरायला गेली, पण तोवर ती तपासणीच्या खोलीत शिरली होती.

मुलीने पोटावर यंत्र फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"जाऊन आलात ना?"

"हो."

"नक्की?"

"आत्ताच तर आले."

मुलीने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीन पाहिली, मेव्हिसचे जुने कागद चाळले आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. माणूस सज्जन होता; घाई करत नव्हता.

"मूत्राशय रिकामंच होत नाहीये," ते म्हणाले. "मूत्रपिंडं वाचवायची तर आजच नळी घालावी लागेल. पुढे ऑपरेशन करता येतं का ते बघू. नाहीतर मात्र नळी कायमची. तुम्हाला वाईट वाटणार, कळतंय मला."

एक वाक्य बोलली असती तर सगळं मिटलं असतं. मेव्हिसने तोंड उघडलंही.

"नळी असली की," तिने विचारलं, "बाहेर कुठे बाथरूमला जावं लागत नाही?"

"नाही. लघवीची पिशवी पायाला बांधलेली असते. घरी जाऊन रिकामी करायची."

"कुणाला दिसत नाही?"

"स्कर्टखाली? नाही."

"मग ऑपरेशनचं राहू द्या," मेव्हिस म्हणाली. "कायमचीच लावा."