होनपांची सकाळ

"आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा," तेजल तांडेल म्हणाली.

"भालचंद्र होनप."

रक्ताच्या पिशवीवर विनायक होनप लिहिलेलं होतं. तेजलनं पिशवी बाजूला ठेवली. "हे रक्त तुमचं नाही. बदलून आणते."

"म्हणजे वाचलो म्हणायचं!" होनप हसले. "मग उद्या घरी सोडाल ना? नातीचं बारसं आहे."

ती नात आता सातवीत होती. बारा वर्षांपूर्वी एका नर्सनं "विनायक होनप ना?" असं विचारलं, कमी ऐकू येणाऱ्या होनपांनी भिडेखातर मान डोलावली आणि चुकीच्या रक्तानं ते गेले. मरता मरता उतरवून घेतलेलं त्यांचं मन या यंत्रदेहात घालून प्रशिक्षणाला ठेवलं होतं. दर तुकडीसाठी ते त्याच सकाळी जागे होत. वेदना खऱ्या होत्या. त्याशिवाय मुली शिकत नाहीत, असं मेट्रनबाईंचं मत होतं.

"शाब्बास, तू पास," मेट्रनबाईंनी बटण दाबलं. होनपांचे डोळे मिटले. "पण बाकीच्या अठरा जणींनी चुकीच्या रक्ताची रिॲक्शन पाहिलेलीच नाही. आता त्या नर्ससारखं चुकीचं विचार."

"मॅडम, आजोबांना सगळ्या वेदना कळतात हो."

"मागच्या तुकडीतली मुलगीही हेच म्हणाली होती. शेवटी विचारलंच तिनं. आज तिच्या वॉर्डात एकही चूक होत नाही."

मेट्रनबाईंनी बटण पुन्हा दाबलं आणि होनपांनी त्याच सकाळी डोळे उघडले. मुली वह्या घेऊन पुढे सरकल्या.

तेजलनं तीच पिशवी उचलली. "तुम्ही विनायक होनप ना?"

"हो, हो," होनप हसून म्हणाले. "सिस्टर, उद्या घरी सोडाल ना?"